बगीचं वजन नेमकं कुठे बसलंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात आरसी बगीवाल्यांची, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या शर्यतीच्या गाड्या पळवणाऱ्यांची, पत्रं भरपूर आलीत आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त जणांचा प्रश्न फिरून फिरून एकच आहे, गाडी वळत नाही किंवा एका बाजूला पडते, तर किती ग्रॅम वजन चिकटवू आणि कुठे? माझं सगळ्यांना एकच सांगणं आहे, आधी मोजा, मग आहेत त्या वस्तू सरकवून बघा, आणि चिकटवायचं सगळ्यात शेवटी. का ते खाली येईलच.

प्रश्न (पुणे): माझी १/१० (खऱ्या गाडीच्या दहाव्या मापाची) टू व्हील ड्राइव्ह मिड मोटर बगी आहे, म्हणजे मोटर मागच्या एक्सलच्या पुढे. डावीकडे मस्त वळते पण उजवीकडे वळताना पुढून सरकत बाहेर जाते. तुळशीबागेतून चार किचन वजनकाटे आणले आणि चारही चाकांखाली ठेवले. पुढचं डावं ३१०, पुढचं उजवं २८५, मागचं डावं ४५५, मागचं उजवं ४९० ग्रॅम. पुढचं उजवं चाक हलकं आहे म्हणून त्या कोपऱ्यात २५ ग्रॅम लावतोय, बरोबर ना?

उत्तर: थांबा, लावू नका. चार काटे आणून मोजलंत हे फार चांगलं केलंत, आता त्याच आकड्यांची नीट बेरीज करू. पुढची दोन चाकं मिळून ५९५, मागची दोन ९४५, एकूण १५४०, म्हणजे पुढे साधारण साडेअडतीस टक्के, मिड मोटर टू व्हीलला हे अगदी ठीक आहे. डावी बाजू ७६५, उजवी ७७५. फरक फक्त १० ग्रॅमचा! म्हणजे तुमच्या गाडीचं वजन डावं-उजवं जवळजवळ समान आहे, उजवी बाजू हलकी नाहीच, असलीच तर किंचित जड आहे. आता तिरकी बेरीज करा. पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून ८००, पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून ७४०. इथे ६० ग्रॅमचा फरक आहे आणि तुमचा सगळा त्रास इथूनच येतोय. चार पायांच्या खुर्चीचा एक पाय आखूड असला की ती डुगडुगते आणि दोन समोरासमोरच्या पायांवर जास्त भार येतो ना, तसंच. पुढचं डावं आणि मागचं उजवं जड असेल तर उजव्या वळणाला गाडी पुश करते, म्हणजे पुढून बाहेर सरकते, आणि डाव्या वळणाला छान शिरते, तुम्ही लिहिलंय तेच.

ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की अर्धं काम झालं: पुढे-मागे किती आणि डावीकडे-उजवीकडे किती हे फक्त वस्तू कुठे ठेवल्यात त्यावर ठरतं, स्प्रिंगच्या कॉलर (शॉकवरची फिरवून स्प्रिंग दाबायची कडी) कितीही फिरवा ते बदलत नाही. आणि तिरका फरक हा मुख्यतः स्प्रिंग, शॉक आणि चॅसिसच्या (गाडीच्या तळाच्या सांगाड्याच्या) पिळाचा असतो, तो वजन चिकटवून जात नाही. तुम्ही कोपऱ्यात २५ ग्रॅम लावलं तर ते सगळं त्याच चाकावर पडेल असं वाटतं पण स्प्रिंग ते चारही चाकांना वाटून टाकतात, तिरका फरक जवळपास तेवढाच राहतो आणि वर जमून आलेलं डावं-उजवं मात्र बिघडतं.

मग करायचं काय? आधी कारण शोधा. चारही शॉक काढून पुढची जोडी आणि मागची जोडी शेजारी शेजारी धरून लांबी बघा, बॉल एंड (शॉकच्या टोकाची वाटी) अर्धा आटा जास्त फिरलेला असला तरी फरक पडतो. शॉक काढलेलेच आहेत तर आर्म (चाक धरणारा सस्पेन्शनचा दांडा) उचलून सोडा, स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे, अडखळला तर हिंज पिन (आर्म ज्यावर फिरतो ती) वाकलीय किंवा आर्ममध्ये माती बसलीय. अँटीरोल बार (डावा-उजवा आर्म जोडणारी तार) असेल तर त्याची लिंक मोजताना सोडून ठेवा, कारण वाकडा बार एकटाच एवढा फरक दाखवू शकतो. वरच्या प्लेटचे किंवा ब्रेसचे स्क्रू सगळे थोडे सैल करा, चॅसिस सपाट काचेवर दाबून ठेवा आणि मग थोडे थोडे आलटून पालटून आवळा. धडक बसल्यानंतर चॅसिस किंचित पिळून बसते आणि स्क्रू तिला तशीच धरून ठेवतात, बऱ्याच गाड्यांचा फरक इथेच निम्मा होतो.

एवढं करूनही राहिला तर कॉलर. पुढच्या डाव्या शॉकची कॉलर अर्धा फेरा सैल आणि पुढच्या उजव्याची अर्धा फेरा घट्ट, दोन्ही सारखंच म्हणजे राइड हाइट (जमिनीपासून चॅसिसची उंची) हलत नाही. परत मोजा. तुम्हाला प्रत्येक चाकावर फक्त १५ ग्रॅम हलवायचेत. जमलं की आकडे साधारण २९५, ३००, ४७०, ४७५ असे येतील, बेरीज करून बघा, डावं अजूनही ७६५ आणि उजवं ७७५ च आहे. तिरका फरक १५ ग्रॅमच्या आत आला की पुरे, त्याहून खाली जायला रात्र जागवू नका, एक खडा टायरला चिकटला तरी तेवढा बदल होतो.

मोजण्याबद्दलही दोन शब्द, कारण पत्रात "प्रत्येक वेळी आकडा वेगळा येतो" असंही तुम्ही लिहिलंय. येणारच. टायर काट्याच्या काचेला धरून ठेवतात आणि सस्पेन्शन पूर्ण बसत नाही, म्हणून प्रत्येक टायरखाली प्लॅस्टिकच्या फाइल कव्हरचे दोन गुळगुळीत तुकडे एकावर एक ठेवा, गाडी पुढून-मागून तीन-चार वेळा दाबून सोडा आणि मग वाचा. असं तीनदा करून सरासरी घ्या. बॅटरी आणि बॉडी लावलेली हवी, स्टिअरिंग सरळ, चारही टायर तेच जे ट्रॅकवर लावणार. काटे दोन मिनिटांत बंद होतात म्हणून आकडे स्थिरावले की लगेच फोनने चारही डिस्प्लेचा एक फोटो काढा. आणि काटे आधी तपासा! किराणा दुकानातलं छाप मारलेलं ५०० ग्रॅमचं माप चारही काट्यांवर ठेवून बघा. माझ्याकडचा एक काटा ९ ग्रॅम जास्त दाखवायचा आणि ते कळेपर्यंत मी अख्खा एक सीझन त्या बाजूचं वजन कमी करत बसलो होतो, तेव्हापासून मापाशिवाय सुरुवातच करत नाही.

अजून एक. बरेच जण किचनच्या ओट्यावर मोजतात. ओट्याला सिंककडे उतार दिलेला असतो, डोळ्यांना दिसत नाही पण पाणसळ ठेवली की बुडबुडा सरकतो. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४० मिलिमीटरवर आहे आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर २२० धरलं तर एक अंशाच्या उताराने १५५० ग्रॅमच्या गाडीत डावं-उजवं मिळून जवळपास १० ग्रॅमचा फरक नुसता उताराचाच दिसतो. म्हणून सपाट टेबलावर जाड काच किंवा एक मोठी टाइल, पाणसळ लावून खाली कागदाच्या घड्या घालायच्या आणि मगच काटे मांडायचे.

प्रश्न (सोलापूर): आमच्याकडे ट्रॅक वगैरे नाही, मुरुमाच्या मैदानात चुना टाकून आम्हीच आखतो. उन्हाळ्यात वर भुसभुशीत धूळ असते. माझी मिड मोटर बगी वळणातून बाहेर निघताना वळतच नव्हती म्हणून पुढच्या बंपरमागे ४० ग्रॅम लावलं, आता वळते पण थ्रॉटल दिला की मागचा भाग गरकन फिरतो. मध्यम मार्ग आहे का?

उत्तर: आहे, आणि त्याला वजन लागत नाही. आधी त्या ४० ग्रॅमने काय केलं ते बघा. बंपर पुढच्या एक्सलच्या साधारण ३५ मिलिमीटर पुढे आहे, व्हीलबेस २८० धरू. एक्सलच्या पुढे ठेवलेलं वजन तरफेसारखं काम करतं, पुढची चाकं दाबतं आणि मागची उचलतं. ४० गुणिले ३५ भागिले २८०, बरोबर ५ ग्रॅम. म्हणजे पुढच्या चाकांवर ४५ ग्रॅम वाढले आणि मागच्या चाकांवरचे ५ ग्रॅम गेले, धुळीत मागच्या टायरला एक-एक ग्रॅमची गरज असताना. शिवाय ते वजन टोकाला आहे, त्यामुळे गाडी एकदा फिरायला लागली की थांबत नाही, गोफण फिरवताना दगड जितका लांब तितका आवरायला जड असतो ना, तसं.

ते काढा आणि बॅटरी सरकवा. तुमच्या गाडीत शॉर्टी पॅक (आखूड बॅटरी) असणार, २२० ग्रॅमच्या आसपास. पॅकच्या पुढे-मागे फोमचे तुकडे असतात ते पुढून काढून मागे टाकले की पॅक पुढे जातो. १० मिलिमीटर सरकवलं तर मागून पुढे जवळपास ८ ग्रॅम जातात, २० मिलिमीटरला १६, म्हणजे एक टक्का. कमी वाटेल पण ट्रॅकवर एक टक्का स्पष्ट जाणवतो, आणि गाडीचं एकूण वजन तेवढंच राहतं. एका वेळी ५-५ मिलिमीटर, प्रत्येक वेळी पाच लॅप, आणि वहीत लिहा. सरकवल्यावर राइड हाइट परत बघायला विसरू नका, गाडी १५-२० सेंटिमीटरवरून सोडायची आणि बसल्यावर चॅसिसखाली मोजायचं.

आणि मनापासून सांगतो, धुळीच्या मैदानावर मिड मोटर हीच चांगली आणि मागची मोटर जुनाट असं समजू नका. १९८४ साली असोसिएटेड कंपनीची आरसी१० आली तिची मोटर मागच्या एक्सलच्या मागे होती, आणि १९८५ ला कॅलिफोर्नियातल्या डेल मारला वन-टेन (१/१०) ऑफरोडची पहिली आयएफएमएआर (आरसी शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना) वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली तिथे टू व्हीलचं विजेतेपद त्याच गाडीने घेतलं. मोकळ्या मातीत मागच्या चाकांवर भार लागतोच. पुढे ट्रॅक घट्ट झाले, कार्पेट आणि अॅस्ट्रोटर्फ (कृत्रिम गवत) आलं, ग्रिप वाढली तशी मोटर मधे सरकली. २०११ ची टीएलआर कंपनीची २२ ही गाडी मोटर मागे किंवा मधे, दोन्ही प्रकारे बसवता येईल अशी होती आणि २०१३ ला असोसिएटेडने बी५ मागच्या मोटरची आणि बी५एम मधल्या मोटरची अशा दोन वेगळ्या गाड्याच काढल्या. मोटर कुठे हा प्रश्न खाली जमीन कुठली याचा आहे. तुमच्याकडे पावसाळ्यानंतर मुरूम घट्ट बसतो तेव्हा बॅटरी पुढे, मार्च-एप्रिलला धूळ झाली की त्यामानाने मागे, एवढं केलंत तरी गाडी ऐकेल.

प्रश्न (कोल्हापूर): जंपवरून उडाली की गाडी हवेत डावीकडे कलते आणि डाव्या चाकांवर पडते. चार काटे परवडत नाहीत. डावीकडे बॅटरी आहे, उजवीकडे मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट).

उत्तर: याला काटा लागतच नाही. घरातला एखादा जुना पाट घ्या, त्यात दोन बारीक खिळे उलटे ठोका, टोकं वर, दोन्ही एका रेषेत आणि सारख्या उंचीवर. चॅसिसच्या पोटाखाली मधल्या रेषेवर पुढे आणि मागे बहुतेक गाड्यांना स्क्रूची खोलगट डोकी किंवा छोट्या खुणा असतात, खिळ्यांची टोकं त्यात बसवा आणि गाडी अलगद सोडा. ज्या बाजूला पडते ती जड. स्प्रिंगचा इथे संबंधच येत नाही त्यामुळे हे मोजमाप डावं-उजवंसाठी चार काट्यांपेक्षाही साफ असतं. जी बाजू वर गेली तिच्या चाकावर एक एक नाणं ठेवत जा, गाडी तरंगायला लागली की कळलं किती कमी पडतंय.

समजा डावी बाजू चाकांवर २४ ग्रॅमने जड निघाली. चाकांचं अंतर २२० धरलं तर मधल्या रेषेपासून ११०, म्हणजे २४ गुणिले ११०, २६४० एवढा भार तुम्हाला दुसऱ्या बाजूला न्यायचाय. चॅसिसची कड मधल्या रेषेपासून ६० मिलिमीटरवर असेल तर तिथे ४४ ग्रॅम लागतील. तेच २२० ग्रॅमची बॅटरी १२ मिलिमीटर उजवीकडे सरकवली तर शून्य ग्रॅम! १२ जागा नसेल, ५ च मिळाली, तरी उरलेल्याला २६ ग्रॅम पुरतात. रिसीव्हर आणि जाड वायरी पण बघा, बऱ्याचदा बॅटरीच्या वायरी लांब असतात आणि सगळा गुंता एकाच बाजूला कोंबलेला असतो, त्या कापून आखूड करून नीट सोल्डर केल्या तरी काही ग्रॅम जागेवर येतात.

खिळ्यांवर गाडी समतोल निघाली आणि तरी कलतेय तर दोष वजनात नाही. मग डाव्या आणि उजव्या शॉकमधलं तेल, बुडबुडे, आणि वर पुणेकरांना सांगितलेला तिरका फरक बघा. जंपचा चढ पण एकदा पाणसळ लावून तपासा, हाताने रचलेला मातीचा चढ तिरका असतोच. आणि नाक खाली जाणं किंवा वर जाणं ही वेगळी गोष्ट आहे, त्याला वजन लावू नका, हवेत थ्रॉटल दिला की नाक वर येतं, ब्रेक मारला की खाली जातं, ते बोटाचं काम आहे.

प्रश्न (न्यू जर्सी): इथे इनडोअर कार्पेटवर चालवतो. गाडी वळणात चक्क उलटते.

उत्तर: ग्रिप जास्त झाली की असं होतं, इथे डावं-उजवं नाही तर उंची बघायची. राइड हाइट एक-दोन मिलिमीटर कमी करा, सर्व्हो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर) आणि ईएससी जितके खाली बसतील तितके बसवा, आणि गाडी क्लबच्या किमान वजनापेक्षा हलकी असेल तर ती भर पितळेच्या पट्टीने बॅटरीखाली करा, वर कुठेही नाही. पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेला सुपरग्लूचा पातळ थर देतात तोही उपाय चालतो.

प्रश्न (बेळगाव): १/८ नायट्रो बगी टाकी भरून मोजायची की रिकामी?

उत्तर: अर्धी भरून. १२५ सीसीच्या टाकीत सव्वाशे मिली इंधन म्हणजे ११० ग्रॅमच्या आसपास, आणि टाकी मधल्या रेषेच्या एका बाजूला असते, त्यामुळे भरलेल्या टाकीवर समतोल साधलात तर शेवटच्या मिनिटांत गाडी दुसरीकडे कललेली असेल. नियमातलं किमान ३२०० ग्रॅम वजन मात्र रिकाम्या टाकीने भरतंय का ते वेगळं बघा.

प्रश्न (ठाणे): मुलगा दहावीत आहे, टायरच्या दुकानातून वजनाच्या पट्ट्या आणतो आणि कापून गाडीला चिकटवतो. त्या शिशाच्या असतात म्हणे. माझाच किचनचा काटा वापरतो. काही धोका?

उत्तर: ताई, काळजी योग्य आहे. अलॉय व्हीलला चिकटवायच्या त्या ५-५ ग्रॅमच्या पट्ट्या काही शिशाच्या असतात, काही लोखंडाच्या. चुंबक लावून बघा, चिकटलं तर लोखंड, निर्धास्त वापरू दे. नखाने ओरखडा पडला आणि हाताला काळं लागलं तर शिसं समजा, ते कानशीने घासायचं नाही, कापायचं तर कागदावर, आणि नंतर साबणाने हात धुवायचे, लहान भावंडं असतील तर घरात ठेवूच नका. काटा मात्र त्याला वेगळा घेऊन द्या, पिठाच्या काट्यावर शिसं आणि मैदानातली माती नको. मुलगा वजनाचा विचार करून गाडी लावतोय हे फार छान आहे, त्याला वरचा पाट आणि खिळ्यांचा प्रयोग वाचून दाखवा.

प्रश्न (नाशिक, इयत्ता आठवी): दादा, माझ्या मागच्या मोटरवाल्या बगीत आधी निकेलवाली सहा सेलची बॅटरी होती, बाबांनी टूएस (दोन सेलची) लायपो (लिथियम) बॅटरी आणून दिली. आता गाडी खूप पळते पण थ्रॉटल दिला की पुढची चाकं उचलतात आणि वळत नाही. माझ्याकडे एकच काटा आहे.

उत्तर: एक काटा पुरतो. काट्याच्या उंचीएवढी टाइलच्या तुकड्यांची थप्पी कर, मागची दोन्ही चाकं थप्पीवर आणि पुढची दोन्ही काट्यावर, आकडा लिही. मग उलट कर. दोन्हींची बेरीज म्हणजे गाडीचं वजन, आणि ती अख्खी गाडी काट्यावर ठेवून येणाऱ्या आकड्याशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर थप्पीची उंची चुकलीय.

तुझ्या गाडीत दोन गोष्टी एकदम झाल्यात. लायपो जुन्या बॅटरीपेक्षा शंभरेक ग्रॅम हलकी असते, आणि बॅटरी मधोमध असेल तर त्यातले निम्मे पुढच्या चाकांवरून गेले. म्हणजे १६०० च्या गाडीत पुढे ५६० होते ते आता १५०० मध्ये ५१० झाले. आणि लायपोची ताकद थ्रॉटलला एकदम येते म्हणून नाक जास्त उचलतं. लायपो जुन्या बॅटरीपेक्षा आखूड असेल तर खोबणीत मागे जागा उरली असेल, तिथे फोम भरून पॅक पुढे ढकल. मग ट्रान्समीटरवर थ्रॉटलचा पंच किंवा एक्स्पो (थ्रॉटल किती झटक्यात लागतो त्याची सेटिंग) कमी करता येतो का बघ. एवढ्याने झालं नाही तरच पुढच्या एक्सलच्या बरोबर वर, बंपरवर नाही, २० ग्रॅम लोखंडी पट्टी लाव.

आणि हे बाबांबरोबर बसून बघ: ईएससीला लायपो कट-ऑफ (व्होल्टेज उतरलं की मोटर थांबवायची सोय) आहे का? नसेल तर आधी तो घ्या किंवा बॅटरीला लावायचा बझर घ्या, सेल ३ व्होल्टच्या खाली गेला तर पॅक खराब होतो. चार्जरही लायपोचाच हवा, जुना चालणार नाही. मोजलेले आकडे, आधीचे आणि पॅक पुढे ढकलल्यानंतरचे, दोन्ही मला लिहून पाठव, पुढच्या महिन्यात त्यावरून तुझ्या स्प्रिंगचं बघू.